वरणातला बोल्ट

चाकणच्या कंपनीच्या गेटवर वर्षाली चोरीच्या संशयावरून पकडली गेली. वरणासकट. पण असं काही घडलंच नाही, हे तिच्या घरात एकमताने ठरलेलं असल्यामुळे आपणही ते विसरू आणि महिनाभर मागे जाऊ.

कंपनीत रक्ततपासणी झाली आणि वर्षालीचं हिमोग्लोबिन नऊ निघालं. एचआरच्या जयमाला मॅडम म्हणाल्या, "पर्मनंटच्या यादीत नाव आहे तुझं. पण मेडिकल फिट लागतं. महिन्याभरात अकरा कर." सहा वर्षं कंत्राटावर काढलेल्या वर्षालीला ते ऐकून नऊचं आठ झाल्यासारखं वाटलं.

रिपोर्टखाली लिहिलं होतं: पाळी सुरू असलेल्या स्त्रियांना लोह आणि झिंक दोन्ही कमी पडू शकतात; आहार सुधारावा.

"लोखंडी कढई तूच भंगारात घातलीस," सासूबाई, सावित्रीबाई, मुलाला म्हणाल्या. "तिच्यात भाजी होत होती तोवर कुणाचं रक्त मोजावं लागलं नाही."

हा मुलगा, म्हणजे वर्षालीचा नवरा समर्थ, भोसरीच्या वर्कशॉपात क्वालिटीला होता. दूध उतू गेलं तरी तो मूळ कारण शोधायचा. "कढईत नुसतं लोखंड, आई. झिंकचं काय?"

दुसऱ्या दिवशी त्याने पिंपरी कॅम्पातून झिंक प्लेटिंगचा बोल्ट आणला. "आत लोखंड, वर झिंक. दोन्ही एकात."

"अन् गिळायचा कसा?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"गिळायचा नाही. वरणात उकळायचा. चिंच घालून."

वीस दिवस बोल्ट शिजला. एकविसाव्या दिवशी सावित्रीबाईंनी घाईत डबा भरला. काळजीने भूक मेलेल्या वर्षालीने वरणाला हातच लावला नाही, आणि सुटताना गेटवर वॉचमन खंडूभाऊंनी डबा हलवला. खण्ण.

"ताई, वरणात काय हाय?"

"बोल्ट."

"कुणाचा?"

"माझा. रक्तासाठी."

खंडूभाऊंनी अठरा वर्षांत पुष्कळ कारणं ऐकली होती. त्यांनी शांतपणे डब्याला सील लावलं.

पंचाईत अशी, की वर्षालीच्या लाइनवर अगदी तसलाच बोल्ट लागायचा. चौकशी बसली. क्वालिटीच्या निरंजन सरांनी बोल्ट भिंगाखाली धरला. "याचं प्लेटिंग उडालंय. आपला माल इतका हलका नसतो. हा आपला नाही."

वर्षालीने श्वास सोडला.

"मग प्लेटिंग गेलं कुठं?" जयमाला मॅडमनी विचारलं. सगळे वर्षालीकडे बघू लागले.

तिला थेट डॉक्टरांकडे नेलं. रक्त पुन्हा तपासलं. नऊ.

"प्लेटिंग पोटात घालायची वस्तू नाही. आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "जेवल्यावर चहा घेता?"

"जेवणासोबतच. डबा खाते त्याच कॅन्टीनच्या खिडकीवर चहा मिळतो."

"त्या चहाने ताटातलं लोह अंगी लागत नाही. तासाभराने घ्या. आणि मोड आलेली कडधान्यं खा, वर लिंबू पिळा. मी गोळ्याही देतो."

मॅडमनी मोठ्या मनाने आणखी दोन महिने दिले. वर्षाली खूश झाली, आणि मग तिला आठवलं, की चहाची खिडकी जेवणाच्या सुट्टीबरोबरच बंद होते. चहाशिवाय तर तिला दुपारी स्क्रू आणि नट यांतला फरकही कळत नसे. त्याच संध्याकाळी तिने अर्ज लिहिला:

"माननीय प्लांट हेड साहेब,
विनंती की, अर्जदाराच्या रक्ताच्या कारणास्तव पहिल्या शिफ्टचा चहा जेवणानंतर एक तासाने, संपूर्ण लाइन थांबवून देण्यात यावा. तसेच जप्त केलेला बोल्ट वरणासह परत मिळावा. डबा सासूबाईंचा आहे."