बारावा खेळाडू: पेठ, जि. नाशिक

सहादू भोयेची अलास्काच्या बास्केटबॉल संघात निवड झाली ती एका शुक्रवारी दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांनी. निवड करणाऱ्या माणसाला त्या वेळी फक्त क्रीडापानावरचं भलंमोठं भगदाड बुजवायचं होतं.

हा माणूस म्हणजे यादव निकम, नाशिकच्या एका सायंदैनिकाचा उपसंपादक. साल अठ्ठ्याण्णव, एप्रिल महिना. ट्रॅक्टरवाल्यानं ऐन वेळी जाहिरात मागे घेतली, जिल्ह्यात कुठे सामना नव्हता आणि तीन वाजता पान छपाईला जायचं होतं. यादवनं मग मनात बरेच दिवस घोळत असलेली एक गंमत कागदावर उतरवली.

परदेशातल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये दर वर्षी नव्या खेळाडूंची निवड होते. संघांनी आळीपाळीनं एकेक खेळाडू उचलायचा, आणि आदल्या वर्षी सगळ्यात जास्त हरलेल्या संघाला पहिला मान. त्याला ड्राफ्ट म्हणतात. यादव कॉलेजात बास्केटबॉलच्या संघात होता, म्हणजे बाकावर होता. पुढे देवळाली कॅम्पातल्या व्हिडिओ लायब्ररीतून आणून त्यानं या खेळावरचे सगळे इंग्रजी सिनेमे पाहिले होते. तेव्हा त्यानं असा ड्राफ्ट लावला, की खेळाडू सगळे सिनेमातले आणि संघ सगळे मनातले. पहिला तुरुंगात खेळ शिकलेला मार्लो. दुसरा लिफ्ट चालवता चालवता उंच उडी शिकलेला बेनी. तिसरा आजीच्या चपला घालून अंतिम सामना जिंकणारा टोबी. असे अकरा झाले. बारावा होता जंगलातला पोरगा, ताडाच्या शेंड्यावरून चेंडू टाकणारा. पण त्याला सिनेमाभर कोणी नावानं हाकच मारली नव्हती.

संपादक धारणकरांचा कायमचा हुकूम होता, "निकम, बातमी चंद्रावरची असू द्या, त्यात नाशिक आलंच पाहिजे." यादवनं एक क्षणही विचार न करता लिहिलं : सहादू भोये, पेठ, जि. नाशिक. उंची सहा फूट सात इंच. संघ : अलास्का. जरा भारदस्त वाटावं म्हणून सगळ्यात खाली टाकलं : 'करार तीन वर्षांचा. सराव शिबिर १५ मेपासून. गैरहजर राहणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.' आणि सगळ्यात वर एक लांबलचक परिच्छेद, की मंडळी, ही निव्वळ कल्पना आहे, यातला एकही माणूस खरा नाही. मग तो चहाला गेला.

तो गेला आणि पाण्याच्या पंपाची जाहिरात आली. संगणकावर पान लावणाऱ्या तृप्तीनं खिडकीतून हाक मारली, "सर, दहा सेंटिमीटर कापावं लागतंय!"

"काप कुठूनही!" टपरीवरून यादव ओरडला.

नावं आणि आकडे कधी कापायचे नाहीत, हे धारणकरांनीच तृप्तीला शिकवलं होतं. तिनं वरचा परिच्छेद कापला. संध्याकाळी अंक हातात आल्यावर यादवचे कान तापले. पण कोणाचा फोन आला नाही, पत्र आलं नाही. आपलं पान कोणी वाचत नाही याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

मंगळवारी दुपारी कचेरीच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला पांढरी टोपी, पायात धुळीनं माखलेल्या वहाणा, हातात जड पिशवी. खिशातून त्यानं तेलकट झालेला वर्तमानपत्राचा तुकडा काढला. पेठच्या स्टँडवर भजी बांधून मिळाली होती ती त्यातच.

"बातमी लिवनारे साहेब कोन?"

"मीच. बोला बाबा."

"मी गेणू भोये. सहादूचा बाप. मास्तरांनी वाचून दाखवलं." त्यानं तुकड्यावर बोट ठेवलं. "हा माझाच पोर ना?"

पेठ-सुरगाण्याकडे भोये आडनावाची घरं किती आणि सहादू नावाची पोरं किती, हे लिहिताना यादवच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाबा, त्या यादीत उंची सहा फूट सात इंच आहे…"

"तो पाच फूट चार इंच हाय. पन पेपरात तेवढं वाढवत्यात, असं मास्तर म्हनले."

सांगून टाकावं म्हणून यादवनं तोंड उघडलं, तेवढ्यात आतून धारणकर बाहेर आले. त्यांनी तुकडा घेतला, वाचला आणि टाळूपासून गळ्यापर्यंत लाल झाले. "निकम! पेठचा पोरगा अलास्काला चाललाय, आणि आपण आतल्या पानावर? पंपाच्या खाली?"

यादवची नोकरी अजून कायम झाली नव्हती. ही सगळी आपल्या डोक्यातली भानगड आहे असं आत्ता म्हणावं, तर म्हाताऱ्यासमोर लाज आणि संपादकांसमोर नोकरी, दोन्ही एका वाक्यात जाणार होत्या.

गेणूनं पिशवी खाली ठेवली आणि चाचरत विचारलं, "साहेब, तिकडं बर्फ असतो म्हनं. पोराला थंडी सोसत नाय."

धारणकर यादवकडे बघत होते. यादव म्हणाला, "लोकरीचे कपडे देतात बाबा."

"त्याला दोन वेळा भात लागतो."

"भात मिळतो तिथं."

"तीन वर्सांत एकदाबी घरी नाय सोडनार?"

"सोडतात ना. दिवाळीला सोडतात."

दर उत्तरासरशी म्हाताऱ्याचे खांदे आणखी खाली येत होते. बापाचं काळीज भरून आलंय, असं यादवला वाटलं आणि त्याला स्वतःची आणखीच लाज वाटली. जाताना गेणूनं पिशवी त्याच्याकडे सरकवली. "नागली हाय, घरची. जरा बघा, साहेब." हे 'जरा बघा' यादवनं आभार म्हणून घेतलं.

घरी बायकोनं, उज्वलानं, पिशवी उघडून नाचणी ओंजळीत घेतली. "कुणी दिली हो इतकी छान नागली?"

"एका खेळाडूच्या वडिलांनी."

"अगबाई! तुम्ही काय केलंत त्यांच्यासाठी?"

यादव हातपाय धुवायला निघून गेला. जेवताना नागलीची गरम भाकरी पानात पडली, पण तो नुसते तुकडे मोडत बसला. उज्वला म्हणाली, "आवडली नाही का?" तो म्हणाला, "छान आहे." हे दिवसभरातलं पाचवं खोटं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मथळा झळकला : 'पेठचा सुपुत्र अलास्कात!' तीन मेला गावात जाहीर सत्कार ठरला. यादव दोनदा संपादकांच्या खोलीत कबुली द्यायला गेला. पहिल्यांदा ते फोनवर शालीचा रंग ठरवत होते. दुसऱ्यांदा त्याला बघताच म्हणाले, "या, निकम! तुम्हाला कायम करायचं पत्र टाईपला दिलंय." यादव "थँक्यू सर" म्हणून उलट्या पावली बाहेर आला आणि जिन्यात बराच वेळ उभा राहिला. तृप्तीनं विचारलं, "सर, बरं वाटत नाहीये का?" तिला तरी सांगावं असं वाटलं. पण परिच्छेद कापल्याचं तिला कळलं तर ती रडेल, म्हणून तेही राहिलं.

तीन मेच्या सकाळी जीप घाट चढून गावात पोचली. शाळेच्या मैदानात मांडव होता. मास्तरांनी पिंपाची लोखंडी कडी आंब्याच्या झाडाला ठोकून बास्केट केली होती. सारा गाव जमला होता, पण इतक्या लोकांचा मिळून आवाज म्हणून येत नव्हता. गळ्यात झेंडूचा हार घालून सहादू उभा होता. तो धारणकरांच्या खांद्याला लागत होता.

धारणकर यादवच्या कानाशी लागले. "सहा फूट सात इंच?"

"बुटांसकट धरतात, सर."

गेणूची बायको सिंधुबाई पदरानं डोळे पुसत होती. हे आनंदाचे अश्रू बघवेनात म्हणून यादवनं मान वळवली. तर समोर पहिल्या रांगेत एक दांडगा मिशाळ माणूस मांडीवर हात रोवून बसला होता आणि नजर रोखून त्याच्याकडेच बघत होता. यादवनं पुन्हा मान वळवली. आता बघायला आंब्याचं झाड तेवढं उरलं, तर त्यावर ती कडी.

धारणकर वीस मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, "आणि ज्यांच्या शोधक नजरेनं हा हिरा हेरला, ते आमचे निकम आता दोन शब्द सांगतील!"

'शोधक' हा शब्द यादवला सणसणीत लागला. तो माईकपाशी गेला. धारणकरांनी लिहून दिलेलं भाषण खिशात होतं, त्याला हातही न लावता तो खाली मान घालून बोलायला लागला.

"ही बातमी खोटी आहे. ती मी लिहिली. पान भरत नव्हतं म्हणून गंमत केली. अकरा नावं सिनेमातली आहेत. सहादू भोये हे नाव मी मनानं घातलं. माझा गेणूबाबांच्या सहादूशी काही संबंध नाही. अलास्काला असा संघच नाही. कोणालाही कुठे जायचं नाही. बाबा कचेरीत आले तेव्हाच सांगायला हवं होतं, पण माझी हिंमत झाली नाही. मला माफ करा."

माईकनं एक लांब शीळ घातली. धारणकरांच्या हातातली शाल अर्धी उघडी राहिली. पहिल्या रांगेतला मिशाळ माणूस उठला आणि सरळ यादवच्या अंगावर चालून आला. आता थोबाडीत बसणार, हे ओळखून यादवनं डोळे मिटून घेतले.

"परत बोल. शेवटचं."

"मला माफ करा."

"ते नाय! त्याच्या आधीचं!"

"…कोणालाही कुठे जायचं नाही."

तो माणूस मांडवाकडे वळून गरजला, "गेणू! मग तारीख तीच! बारा मे!"

मांडवात एकच कल्ला उठला. सिंधुबाई हसत हसत रडायला लागली. कोणीतरी ढोल काढला. हा माणूस काळू गावित, सहादूचा होणारा सासरा, हे यादवला मास्तरांकडून कळलं. पोरगा तीन वर्षं बर्फात जाणार असेल तर माझी पोरगी देत नाही, असं त्यानं बातमी वाचून दाखवताच बजावलं होतं. दोन्ही घरं पंधरा दिवस तोंड सुकवून बसली होती. सहादूनं स्वतःच्या गळ्यातला हार काढून यादवच्या गळ्यात घातला आणि वाकून पाया पडला. यादवला जमिनीत जावंसं वाटलं.

"बाबा," तो गेणूला म्हणाला, "पाठवायचं नाही, असं मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तेच सांगाया आलो होतो साहेब. पन कारवाई करनार म्हनून लिवलं होतं, मग 'नाय' कसं म्हनायचं? म्हनून थंडीचं सांगितलं, भाताचं सांगितलं. तुमी सगळ्याला हो म्हनलात."

एव्हाना धारणकरांनी माईक ताब्यात घेतला होता. "गावकऱ्यांनो! आमच्या दैनिकाच्या पाठपुराव्यामुळे सहादू भोये यांची ही जुलमी निवड आज रद्द झाली आहे!" टाळ्यांच्या कडकडाटात त्यांनी शाल काळू गावितच्या खांद्यावर टाकली. मग यादवजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "मथळा लिहून घ्या. 'लढ्याला यश.' तुमच्या पत्राचं काय करायचं ते सोमवारी बघू."

जेवणं झाली. यादवला मांडवात सगळ्यांच्या मधोमध बसवून आग्रहानं वाढलं, आणि नको म्हणायची सोय नसल्यामुळे तो मान न उचलता जेवला. तो हात धुवायला उठला तेव्हा गेणू तांब्या घेऊन आला. पाणी घालता घालता त्यानं विचारलं, "साहेब, एक इचारू? त्या बाकीच्या अकरा पोरांना सांगितलं का?"

"ते सिनेमातले आहेत, बाबा."

"म्हंजे मुंबईचे." गेणू जरा थांबला. "तेंचेबी आईबाप वाट बघत असतील. लांब हाय, जायला नाय जमलं तर निदान पत्र तरी टाका."

यादवनं ओले हात झटकले, पँटला पुसले आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस करून म्हणाला, "टाकतो."