स्टोकलींचे घर

घर कोणाचे, हा प्रश्न त्यात राहणाऱ्याने सोडवायचा नसतो. चूल तुमची, चौकट तुमची, कुंपणावरची वेल तुमची. नाव मात्र गावाने द्यायचे, आणि गाव घाई करत नाही. आमच्या पेकन गल्लीत अकरा घरे आहेत. पैकी स्वतःच्या नावाच्या घरात राहणारी कुटुंबे : शून्य. हॉब्ज मंडळी पिंकनींच्या घरात राहतात, हॉब्जांच्या घरात मिस एटा. (पिंकनी दफनभूमीत आहेत, तिथे मात्र त्यांच्या नावाचा दगड आहे.) नियम न्याय्य आहे. माणूस घर सोडून गेला, की घर त्याचे होते.

घड्याळे दुरुस्त करणारे ऑर्विल स्टोकली सत्तावीस वर्षे प्रेथरांच्या घरात राहिले. (स्वतः प्रेथर तिथे चार वर्षे होते, त्यातली दोन परगावी.) स्टोकलींनी पाटी लावली, लोक म्हणाले, प्रेथरांच्या घराला पाटी शोभते. हिरवा रंग दिला. प्रेथरांचे घर हिरवे झाले.

"एकदा तरी कुणी 'स्टोकलींचं घर' म्हटलेलं ऐकायचंय मला," ते कुंपणापाशी म्हणत.

"म्हणतील हो," शेजारच्या मिस एटा शेंगा सोलता सोलता सांगत. "ऐकायला तुम्ही नसाल, इतकंच."

मार्चमध्ये त्यांच्या स्वयंपाकघराला आग लागली. स्टोकलींनी फोन उचलला. पलीकडे टेलिफोन एक्स्चेंजवरची व्हर्ना, बंबाला निरोप तिच्यामार्फतच जाई.

"स्टोकलींच्या घराला आग लागलीय."

"असं घर नाही हो गावात. कोण बोलतंय?"

"स्टोकली."

"मग प्रेथरांच्या घरातून बोलताय ना?"

"मुळीच नाही."

"अहो, प्रेथर म्हणा नि मोकळे व्हा," खिडकीतून मिस एटा ओरडल्या. "आग विझली की पुन्हा स्टोकली व्हा."

"सत्तावीस वर्षं या छपराच्या फळ्या मी ठोकतोय, मिस एटा."

पहिल्या नकारात स्वयंपाकघर गेले, दुसऱ्यात जेवणाची खोली. तिसरा नकार देता आला नाही, कारण फोन ज्या भिंतीवर होता तीही पेटली. सौ. स्टोकली एव्हाना गोधडी आणि कोंबडी घेऊन बाहेर उभ्या होत्या. धूर पाहून बंब आला. (नोंदवहीत 'प्रेथरांचे घर, पूर्ण जळाले' असे आहे.)

स्टोकली समोरच्या गॅडिसांच्या घरात भाड्याने राहू लागले. आठवड्याने एक टोप्या विकणारा गल्लीत वाट विचारत आला.

"सरळ जा," मिस एटा म्हणाल्या. "स्टोकलींचं घर होतं ना, तिथून डावीकडे."

समोरच्या ओसरीवरची झुलती खुर्ची थांबली.

"मिस एटा," स्टोकली हळूच म्हणाले, "पुन्हा सांगा त्याला. नीट ऐकू आलं नसेल."

त्यांनी पुन्हा सांगितले. शेजारधर्म आमच्याकडे कडक पाळतात.

तुमच्याही दारावर तुमच्या नावाची पाटी असेल, छान आहे. वेळ मिळाला तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, तुमच्या घराला तो काय म्हणतो. दुसऱ्याच कुणाचे नाव घेतले, तर निश्चिंत असा. तुमचे घेतले, तर मात्र लगेच घरी जा, आणि घर व तुम्ही दोघेही जागेवर आहात ना, पाहून घ्या.