ताईला पाठवलेली गुप्त प्रत

ई-मेल कसा पाठवावा हे आमच्या प्रयोगशाळेत फक्त मलाच कळतं, असा माझा दावा होता. ज्याला लिहायचं तो ‘टू’मध्ये, ज्यांच्या कानावर घालायचं ते ‘सीसी’मध्ये आणि ज्याचा बाकीच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही तो ‘बीसीसी’मध्ये. यात चुकण्यासारखं आहे काय!

त्या दिवशी विभागप्रमुखांना लिहायचं होतं. दोन वर्षं प्रयोग केले मी आणि शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचं! निबंध संध्याकाळी छापायला जाणार होता. मी मोजून सहा सभ्य वाक्यं लिहिली, सीसीत नऊ सहकारी घातले आणि आपलं धीराला म्हणून बीसीसीत ताईला.

चार मिनिटांत ताईचं उत्तर आलं. मला, प्रमुखांना आणि त्या नऊही जणांना!

“शाब्बास! त्या घुबडाला असंच सुनावायला हवं होतं!”

मी फोन लावला. “ताई, सगळ्यांना कशाला पाठवलंस?”

“अगं, पत्र सगळ्यांना आणि उत्तर तुला एकटीला? बरं दिसतं का ते?”

“तू गुप्त होतीस!”

“मग मला सांगायचंस ना! थांब, मी निस्तरते.”

“नको! ताई, काही म्हणजे काही करू नकोस!”

फोन बंद. पुन्हा सगळ्यांना मेल: “साहेब, गैरसमज नसावा. माझी बहीण तुम्हाला कामावर कधीच घुबड म्हणत नाही. फक्त घरी म्हणते.”

शेजारचा तंत्रज्ञ काहीतरी शोधायला टेबलाखाली गेला तो वर येईचना. मी तापवलेल्या मेणासारखी खुर्चीत वितळत होते.

मग प्रमुखांचं उत्तर, तेही सगळ्यांना: “नावांचा क्रम ठरलेला आहे. विषय संपला.”

संपली माझी दोन वर्षं!

तेवढ्यात एका अनोळखी पत्त्यावरून सगळ्यांना मेल: “अहो, रोज जेवताना सांगता ना, सगळं काम ती मुलगी करते म्हणून? मग तिचं नाव आधी घाला. आणि घुबड मला पटलं.”

प्रमुखांच्या पत्नी! प्रमुखांनीही धीराला बीसीसीत घरचंच माणूस घेतलं होतं.

संध्याकाळी निबंध गेला. पहिलं नाव माझं!

प्रमुख आणि मी आता जे काही असेल ते समोरासमोर, तोंडी बोलतो. ताई आणि वहिनींचा पत्रव्यवहार मात्र जोरात आहे. आम्हा अकराही जणांना प्रत येते.