सरपंच विकणे आहे

मेश्राम काकांच्या घोड्याला इंग्रजी कळत नव्हतं. जन्मानं अस्सल अमेरिकन, पश्चिमेकडच्या माळरानावर मोकाट वाढलेला मस्टँग. पण ‘वॉक’ म्हटलं की ढिम्म, आणि ‘चाल बावा’ म्हटलं की निघाला! मागे घ्यायचा तर ‘मांगं सर’. थांबवायचा तर ‘बस न बे’.

काका मूळचे नागपूरचे, इथे अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये आमचे शेजारी. फोन उचलला की आधी ‘जय भीम’, मग हॅलो. आयुष्यभर पुलांची डिझाइन्स केली. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळायला जातात. हे गेले जंगली घोडा दत्तक घ्यायला. एका ट्रेनरला हाताशी धरून त्याला स्वतः शिकवलं. कळपातून नेमकी हवी ती गाय बाहेर काढायला, दोर ताणून धरायला, आणि शोमध्ये परीक्षकांसमोर ऐटीत चालायला. नाव ठेवलं सरपंच. का, असं मी विचारलं, तर काका म्हणाले,

“काहून म्हणजे? काही करत नाही, नुसता उभा राहते, तरी सगळे बाजूला होतात न!”

यंदा मुलीनं त्यांना कायमचं कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला बोलावलं. “तिथं माणसालेच जागा नाही, घोडा कुठं ठेवू?” म्हणत काका जाहिरात लिहून घ्यायला माझ्याकडे आले.

“लिही. रँचचं सगळं काम करते. शोमध्ये देखणा दिसते. ट्रेलरमध्ये गुमान चढते. निळ्या बादलीले भिते.”

“काका, बादली कशाला?”

“उद्या बादली पाहून उधळला, तर म्हणतील मेश्रामनं फसवलं. लिही!”

पहिलं गिऱ्हाईक भल्या मोठ्या हॅटचे गृहस्थ. काकांनी शब्द समजावायला तोंड उघडलं, तोवर ते खोगिरावर. त्यांनी टाचा मारल्या, जीभ टाळूला लावून आवाज काढले, शेवटी विनवण्या केल्या. सरपंच शेपटीनं माश्या वारत उभा. काकांना राहवलं नाही. कुंपणावरून त्यांनी आरोळी ठोकली, “चाल बावा!” घोडा असा सुटला की हॅट जागीच राहिली आणि गृहस्थ पुढे गेले.

दुसरं कुटुंब तबेल्यात शिरल्यापासून किती बक्षिसं मिळाली, एवढंच विचारत होतं. काका गोड हसून म्हणाले, “सॉरी, ही इज नॉट वेल.” मी सरपंचाकडे पाहिलं. तो गवत ओरपत होता.

“काका, कॅलिफोर्नियाचं तिकीट बुक झालंय,” मी म्हटलं.

“म्हणून काय कोणालेही देऊ?”

मग लिंडा आली. गुडघ्यापर्यंत चिखल, स्वतःच्या गाई, पन्नाशीची बाई. तिचा पहिलाच प्रश्न: “यानं छान काम केलं की तुम्ही त्याला काय म्हणता?”

काका पुढे सरसावले. “शाब्बास.”

तिनं पेन काढून एकेक शब्द तळहातावर लिहून घेतला. घोड्यावर बसली आणि हात वाचत म्हणाली, “मंगेसर!”

सरपंचानं कान वळवले. विचार केला. आणि नीट चार पावलं मागे गेला.

“अगं, बाई मराठी बोलते!” काका टाळ्या पिटत मला ओरडून सांगायला लागले. लिंडानं गाई वळवून पाहिल्या, फाटक उघडून पाहिलं, आणि दर वेळी घोड्याच्या मानेवर थाप मारून “शाबाश!” काकांनी तिला तीनदा उच्चार दुरुस्त करून दिला. व्यवहार तिथेच ठरला.

रविवारी ती ट्रेलर घेऊन आली. “चाल बावा,” म्हणाली, आणि सरपंच सरळ आत चढला.

“पाहिलं? वळून बी नाही पाहिलं! ट्रेनिंग म्हणतात याले!” ट्रेलर वळणाआड जाईपर्यंत काका हसत होते.

तबेल्यावरून घरी परत येताना गाडी मी चालवत होते.

“तुझी काकू गेल्यापासून,” काका एकदम म्हणाले, “रोज संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन बसत होतो. दिवसभराचं सगळं सांगत होतो त्याले.” मग हळूच, “तिकडून तुले फोन केला तर चालन काय? काम काही नसन.”

“रोज करा, काका.”

ते खिडकीबाहेरची मक्याची शेतं पाहत राहिले.

“पण मधात बोलायचं नाही,” ते म्हणाले.