ठेवणीतली गाडी

सुरुवातीलाच माफी मागते. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर तो माणूस पुरता ओळखता यायला हवा आणि लिहिण्याची सवयही हवी. यांतलं माझ्याकडे काय आहे ते मला नीट सांगता येणार नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. माझ्याआधी घरातलं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे बाबांनी ट्रकच्या वहीत लिहिलेल्या खेपा. पण सगुणमामांबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करते.

सगुणमामा डिचोलीजवळच्या सर्वण गावात आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये एक काजूचं झाड आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच अंतर. मामा सत्तरीच्या पुढचे. दर रविवारी सकाळी, पोदेर पाव देऊन सायकलचा भोंगा वाजवत पुढे गेला, की मामा बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, चटई घालतात, चष्मा चढवतात आणि एका खेळण्यातल्या गाडीची चाकं पाव-पाव फेरी फिरवतात. चारही चाकं, एकेक करून. मग गाडी परत ठेवून देतात.

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी पिवळी जीप, हातभर लांबीची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मामा, चाकं का फिरवता, असं विचारलं.

"टायर एकाच जाग्यार रावलो की चपटो जाता गो," मामा म्हणाले. आणि मग ते वाक्य, जे मी नंतर निदान दोनशे वेळा ऐकलं असेल: "गाडी चालवूक कोणाकय येता. ठेवूक येवूक जाय."

हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं, पोटापाण्याचं कामच होतं. मामा तीस वर्षं खाणीच्या ट्रकांच्या यार्डात मिस्त्री होते. पावसाळ्यात खाणींचं काम थांबायचं आणि ट्रक चार महिने उभे राहायचे. ते उभे करायचे कसे, हे मामा ठरवत. ट्रक जॅकवर उचलून अ‍ॅक्सलखाली फणसाचे ठोकळे, बॅटऱ्या काढून फळीवर, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस, सायलेन्सरच्या तोंडात गोणपाटाचा बोळा. माझे बाबा दोडामार्गाकडून त्याच यार्डात ड्रायव्हर म्हणून आले. ते सांगतात, सगुणने ठेवलेला ट्रक दसऱ्याला पहिल्याच सेल्फला उठायचा.

तीच सगळी पद्धत मामांनी पिवळ्या जीपला लावली आहे. जीपच्या पोटाखाली फणसाचे दोन ठोकळे आहेत, काडेपेटीएवढे. सायलेन्सर नाही म्हणून बोळा नाही. अ‍ॅक्सलला गुंडाळलेले केस आणि माती जुन्या टूथब्रशने काढायची. ओलं फडकं अजिबात नाही. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, दोन नाही. मग शालिनीमामीच्या जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून गाडी पत्र्याच्या ट्रंकेत. ट्रंकेच्या चार कोपऱ्यांत, दमट हवा लागू नये म्हणून, नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या पांढऱ्या पुड्या. या पुड्यांसाठी मामा डिचोलीच्या बाजारातल्या एका चपलांच्या दुकानात इतक्या वेळा गेले, की दुकानदाराने एकदा हात जोडून विचारलं, "मामा, कधीतरी चपलाय घेतलात की फकत पुड्योच?" मामांनी पायातल्या चपलेकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही बरी आसा. हांव ठेवतां नीट."

मामी एरवी कमी बोलतात. पण तेलाचा थेंब पडताना दिसला की त्यांना राहवत नाही. "चाळीस वर्सां झाली लग्नाक," त्या मला ऐकवतात, "माझ्या गुडघ्यांक कोणी थेंबभर तेल लावूक ना." मामा मान वर न करता उत्तर देतात, "तुजे गुडघे चालू आसात. बंद गाडीक तेल जाय."

बॅटरीचं तर शास्त्रच वेगळं. ती गाडीत ठेवायची नाही. मामींच्या औषधांच्या डब्यात ठेवायची. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावायची, पण अर्धीच. "पोटभर जेवून न्हिदूक नाका, उपाशी न्हिदूक नाका," असं मामा म्हणतात. चार्जर जनेलावर, म्हणजे खिडकीच्या कट्ट्यावर असतो. चार्ज होताना त्याचा दिवा लाल असतो आणि बॅटरी भरली की हिरवा होतो, असं मामींनी मला सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणते, कारण मी तो हिरवा कधी पाहिला नव्हता. पूर्ण भरायला तीन तास लागतात, म्हणून मामा घड्याळ लावून दीड तासाने पिन काढत. माझा मोबाइल मी शंभर टक्के चार्ज करते हे कळल्यापासून मी त्यांच्या नजरेतून थोडी उतरले आहे.

वाड्यावरचे लोक हसतात, पण कोणी आखाताकडे निघालं की आपली स्कूटर मामांकडे आणून लावतात. अकरा महिन्यांनी परत आलेल्या एकाची स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. तो आनंदाने चक्कर मारायला गेला, आणि मामा त्या रिकाम्या जागेकडे बघत ठोकळे गोळा करत राहिले.

मला एवढी वर्षं जे सुचलं नाही ते गेल्या जानेवारीत सुचलं. मी म्हटलं, मामा, एकदा तरी चालवून दाखवा ना.

मामांनी टूथब्रश पुढच्या चाकाला लावला. आतून मामी म्हणाल्या, "चालवतले कशी? रिमोट खंय आसा?"

मग जे कळलं ते सांगते. जीप मामांच्या नातीची, तन्वीची, एवढं मला माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी मामांचा मुलगा सुदेशदादा, वहिनी आणि सात वर्षांची तन्वी इंग्लंडला गेले. त्याआधीचा सबंध मे महिना मामांनी तन्वीला गाडी कशी ठेवायची ते शिकवलं. त्यात यार्डातला एक नियम होता. गाडी यार्डात आणि चावी ड्रायव्हरच्या खिशात. दोन्ही कधी एका छपराखाली ठेवायची नाहीत. रिमोट म्हणजे चावी. तन्वी संध्याकाळी जीप मामांकडे द्यायची आणि रिमोट दोरीपलीकडे आमच्या घरी आणून ठेवायची. मला ते आठवतही होतं, पण पोरखेळ म्हणून मी सोडून दिलं होतं. "तू ड्रायव्हर, हांव यार्ड," असं मामा तिला म्हणत.

निघायच्या दिवशी तन्वीने नियम पाळला. जीप ठोकळ्यांवर ठेवली, आमच्याकडून रिमोट घेतला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. मामा दाबोळीच्या विमानतळावर त्यांना सोडून आले, रविवारी ट्रंक उघडली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"ती चुकूक ना," मामा मला म्हणाले. "बरोबर केलां तिणे."

म्हणजे पाच वर्षं मामा एक अशी गाडी जपत होते, जी त्यांना एक वीतही पुढे नेता येत नव्हती. हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण मामांनी लगेच मनातली खरी काळजी सांगितली. गाडीचं सगळं त्यांनी तन्वीला शिकवलं होतं. पण रिमोटच्या पाठीत दोन सेल असतात. ठेवून देताना ते काढायचे, नाहीतर आतल्या आत पाझरून पत्र्या खातात, हे सांगायचं राहून गेलं. सांगू, दोन वर्षांत सुट्टीला येतीलच, असं त्यांना वाटलं होतं.

खाणी बंद पडल्या तेव्हाही सगळ्यांना असंच वाटलं होतं. दोन महिन्यांत सुरू होतील, म्हणून त्या खेपेला कोणी ट्रक ठोकळ्यांवर चढवलेच नाहीत. त्या यार्डात आज स्टिअरिंगमधून वेली गेल्या आहेत. मामा डिचोलीला जाताना बसमध्ये त्या बाजूला बसत नाहीत.

फोनवर विचारा ना, मी म्हटलं. व्हिडिओ कॉल दर आठवड्याला होतो. पण त्यात तन्वी चार मिनिटं दिसते. मामा विचारतात, "जेवलीस?" ती "हो, आजो" म्हणते, आणि मग सुदेशदादा बोलायला लागतात.

"विचारलां जाल्यार सुदेश म्हणतलो, बाबा, नवो घेवन धाडतां," मामा म्हणाले. मग फडक्याची घडी घालत हळू म्हणाले, "आनी तिणे तो कचऱ्यांत उडयलो आसल्यार? तां माका आयकूक नाका."

पण त्यानंतर तीन आठवड्यांनी ते स्वतःच दोरीखालून वाकून आमच्याकडे आले. तन्वीकडे आता स्वतःचा फोन होता. तिला इंग्रजीत लिही, म्हणाले. मी कॉलेजला जाते म्हणजे मला इंग्रजी येतं, असं वाड्यावर सगळ्यांचं मत आहे. माझं तसं मत नाही. मामांनी सांगितलेला मजकूर मोठा होता. त्यात टूथब्रश होता, पावसाळा होता, मामींचे गुडघेही होते. मी घाबरत घाबरत दोन ओळी लिहिल्या: तन्वी, रिमोटमधले सेल बाहेर काढून ठेवले आहेत का? आजो विचारतात. मामींच्या फोनवरून पाठवल्या.

तिसऱ्या दिवशी निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

मी ती दोन वाक्यं वर्गात बसून मनातल्या मनात तपासत राहिले. कुठे उद्धट तर झालं नाही ना? कॉलेजमधून येताना बस थांबायची, तेव्हा मामा बाल्कांवात उभे दिसायचे. मामी म्हणायच्या, परीक्षा असतील गो तिच्या. त्या रविवारी पोदेर येऊन गेला तरी मामांनी चटई घातली नाही. "आजचो आयतार रावंदी," म्हणाले. पाच वर्षांत पहिल्यांदा चाकं फिरली नाहीत.

नवव्या दिवशी मी बसमधून उतरले तर बाल्कांव रिकामा होता. जनेलावर चार्जर होता आणि त्याचा दिवा हिरवा होता. मामा पिन काढायला विसरले, म्हणजे त्यांना काहीतरी झालं. पिशवी तिथेच टाकून मी आत धावले.

मामा जमिनीवर बसले होते. समोर जीप, ठोकळ्यांवरून उतरवलेली, चारही चाकं फरशीवर. मामा तिच्याकडे बघत होते. मी काही विचारायच्या आत मामींनी फोन माझ्या हातात दिला.

आधी एक फोटो होता. पालथा ठेवलेला रिमोट, पाठीचं झाकण उघडं, आतल्या पत्र्या नव्यासारख्या चकचकीत. शेजारी इंग्रजी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेले दोन सेल, केसांच्या रबराने बांधलेले. फोटोखाली आवाजाचा निरोप होता. मी बटण दाबलं. मोठी झालेली एक मुलगी, शब्द शोधत शोधत, आपली भाषा बोलत होती.

"आजो, सेल भायर आसात. पयल्या दिसापासून. हांव दर आयतारा झाकण उगडून पळयतां." मग कागद चाळल्यासारखा आवाज, आणि मग: "तिकिटां काडल्यात. मे म्हयन्यांत ड्रायव्हर येता."