बापूंचे बर्फातले बूट

आमच्या सारंगखेड्यात बापू भेटले की आधी तुमच्या पायांकडे बघतात. पुरुषांचा घोटा चाचपून, बायकांचा लांबूनच. आयुष्य घोड्यांच्या यात्रेत, जनावरं पारखण्यात गेलं. माझ्या चुलतबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा नवऱ्या मुलाला त्यांनी अंगणात चारदा चालवलं. "डावा घोटा मऊ शे," म्हणाले. लग्न तरीही झालं.

त्यांचा एकुलता एक मुलगा दीपक हिमाचलात असतो. पायाला स्कीच्या लांब पट्ट्या बांधून पर्यटकांना बर्फाच्या डोंगरांत फिरवतो. तीन वर्षांत घरी आलेला नाही. हिवाळ्यात फोनवर घोटा मुरगळल्याचं बोलून गेला, आणि बापू त्याच्यासाठी बूट शोधू लागले.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून मला सगळं येतं असा गल्लीचा समज आहे. मला बर्फ फ्रीजमधलाच माहीत. तरी मोबाईलवर वाचून भीत भीत सांगितलं, की त्या पट्टीत बूट फक्त पुढे अडकतो, टाच मोकळी राहते. म्हणून घोटा बुटानेच धरायचा.

"मुद्दा घोटानाच शे!" बापू खूश.

कुरियरने मागवलेले पहिले दोन जोड परत गेले. बापू बूट ओल्या धोतरासारखा पिळून बघत. बोटांपाशी वाकला तर चालेल. पिळला गेला की नापास.

"बापू, आठे बर्फ कोठे शे?" कुरियरवाला हसला.

"तू पहिले घोटा दखाड."

त्याने मुकाट्याने दाखवला.

तिसरा जोड पास झाला. पण नवा बूट मऊ होईपर्यंत चावतो, आणि बापलेकांचं माप एकच. म्हणून एप्रिलच्या उन्हात जाड लोकरी मोजे आणि ते बूट घालून बापू तापीकाठी फेऱ्या मारू लागले. घामाने निथळत मला सांगायचे, "टाच हालत नही, देख!"

काल मी रिकामा खोका घेऊन गेले आणि दीपकचा पत्ता विचारला.

लेस बांधता बांधता बापू थांबले.

"बूट धाडना नहीत, पोरी. धाडात ते तो तठेच हिमाचलमा घाली ली."

"मंग?"

"बूट लेवाले तो घर येई ना. तो म्हने, कुरियर करा. मी सांगी दिधं, आजून कडक शेतस."

मी बुटाचं चामडं अंगठ्याने दाबून पाहिलं. केव्हाच मऊ झालं होतं.

"हां बापू," मी म्हणाले, "कडकच शेतस आजून."