सागवानाच्या भिंतीला जवसाचं तेल

डोमाजींच्या घराच्या दर्शनी भिंतीला सागवानाच्या फळ्या बसल्या आणि त्यांना वरून लावायचं काय, यावरून घरात महाभारत सुरू झालं.

"काका, बाहर की लकडी है, पीयू पॉलिश मरवा लो," पॉलिशवाला भैयालाल म्हणाला. "धूप-पानी, दस साल देखना नहीं पडेगा."

"हौ ना मामाजी, तेच लावा," सून मंजुषा म्हणाली. "भाऊबीजेले गोदाआत्या येऊन राह्यल्या. पाचच दिवस उरले."

खरी गोष्ट तीच होती. गोदाबाई ही डोमाजींची थोरली बहीण, बिरशाला सासरी दिलेली. डोमाजींनी छत्तीस वर्षं जंगलखात्याच्या डेपोत सागाचे लठ्ठे मोजले, आणि दर भाऊबीजेला ओवाळून झालं की बाई न चुकता विचारायची, "डोमा, डेपोत एवढं सागवान, अन् तुह्या घरी एक फळकूट काहून नाही?" प्रामाणिक माणसाला याहून झोंबणारा प्रश्न नसतो. निवृत्तीनंतर त्यांनी लिलावात रीतसर बोली लावून साग घेतला तो एवढ्यासाठीच, की यंदा ओवाळण्याआधी बाईला भिंतीसमोर उभं करायचं आणि आपण गप्प राहायचं.

पण पीयू त्यांच्या मनाला येईना. "त्याले लाकडाचा वास नाही," ते म्हणाले. गावी, रामपायलीला, त्यांचे वडील पोळ्याआधी बैलबंडीला जवसाचं तेल चोळायचे. उन्हात तापलेली चाकं, तेलकट हात, आणि ते हात एकमेकांच्या केसांना पुसणारी ही दोन भावंडं. ठरलं, जवसाचंच तेल.

"तो फिर पतला एक हाथ मारो और कपडे से पोंछ दो," भैयालालने बजावलं. "कच्चा तेल जल्दी सूखता नहीं."

तेलघाणीवरून आणलेलं शुद्ध तेल पुसून टाकायचं? डोमाजींच्या ते जिवावर आलं. त्यांनी भैयालालला घरी पाठवलं आणि स्वतः चार हात दिले. "पिऊ दे पोटभर," म्हणत वर पाचवाही दिला.

दोन दिवस भिंत अशी चमकली की रस्त्यावरचे ऑटोवाले थांबून पाहू लागले. तिसऱ्या दिवशी नवं धान आलं आणि घरामागची राइस मिल सुरू झाली. दुपारी वारा फिरला. उडालेला सगळा कोंडा ओल्या तेलावर येऊन बसला तो हलेना. डोमाजी झाडू घेऊन धावले, तर तो आणखी सारखा पसरला. पाणी मारलं, तर फुगला. फडक्याने पुसलं, तर फडक्याचे धागेही तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी चिमण्या भिंतीवरची तांदळाची कनी टिपायला आल्या. सागवान नावालाही दिसेना.

"भाऊबीज के दिन ही सुबह आके घिस देता हूँ," भैयालाल म्हणाला.

पण त्या दिवशी भैयालालच्या आधी गोदाबाईंची ऑटो दारात आली. त्यांना आता दिसायचं कमी. चाचपत त्या भिंतीपाशी आल्या, तळवा टेकवला, नाकाशी नेला आणि तिथेच थबकल्या. डोमाजी मान खाली घालून उभे राहिले.

"डोमा, अशी मातीची लिपाई कोनाकडून करून घेतली रे?"

"बाई, ते असं झालं..."

"मायची भिंत अशीच लागे हाताले. मातीत कोंडा मिसळे ते. हाताले जवसाचा वास राहे तिच्या." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मले वाटलं, तू लाकूडफाकूड लावून बसशीन. मी आपली गमतीनं म्हणत होती रे दरसाल."

छत्तीस वर्षांचं उत्तर डोमाजींच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. बाईने दुसराही हात भिंतीवर ठेवला होता आणि तो काढायला ती तयार नव्हती. डोमाजींचेही डोळे भरून आले.

एवढ्यात घासायचा कागद घेऊन भैयालाल फाटकातून आत आला. डोमाजींनी लगबगीने त्याला बाजूला घेतलं.

"भैयालाल," ते हळूच म्हणाले, "तुह्यं ते पीयू कोंड्यावर बसते का?"